डबल बेलच्या आधी

अरे, फोनवर तू विचारलंस, "मामा, नाताळात चार दिवस मुंबई दाखवायला सगळ्यांना घेऊन येतो, काय काय बघायचं ते सांग." मी म्हटलं, लिहून पाठवतो. फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि ठेवल्यावर विसरतोस, ही सवय तुझ्या आईचीच. म्हणून हे लिहितोय. सूनबाईंनाही वाचायला दे, म्हणजे दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहील.

मी तेहतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो, त्यातले वीसेक नाताळ बसमध्ये उभ्याने काढले. त्याचं कारण माझा एक जोडीदार. तोही कंडक्टर, आमच्याच आगारातला, राहायला खोताच्या वाडीत, जातीने ईस्ट इंडियन ख्रिस्ती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी पाळी तो करायचा आणि पंचवीस डिसेंबरला त्याची पाळी मी. त्यामुळे मुंबई नाताळात कुठे तुंबते आणि कुठे मोकळी असते, हे मला पुस्तकातून वाचावं लागलेलं नाही.

कंडक्टर डबल बेल कधी देतो, तर शेवटच्या माणसाचा पाय फूटबोर्डवरून आत आला की. तुमच्यात शेवटचं माणूस म्हणजे ताई, तुझी आई. तिचे गुडघे किती चालतील तेवढीच ही सहल. पोरांच्या पायांवर बेत आखलास तर दुसऱ्याच दिवशी ताई खोलीवर बसून राहील आणि म्हणेल, "तुम्ही जाऊन या." तसं झालं की सगळ्यांचीच सहल बिघडते.

आता तिकिटं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. यंदा नाताळ शुक्रवारी आहे. तुम्ही बुधवारी २३ तारखेच्या रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघा, म्हणजे तिकीट २४ ऑक्टोबरला खुलं होईल. दसऱ्यानंतरचाच शनिवार. सकाळी आठला. आठ वाजून दहा मिनिटांनी जागा झालास तर वेटिंग लिस्ट वाचत बसशील. परतीचं २८ डिसेंबरचं तिकीट २९ ऑक्टोबरला. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, ती ऐक. ताईचं तिकीट वेगळं काढ. ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तिकिटावर एकटं किंवा दोनच असे प्रवासी असले तरच तो लागतो. पाचजणांच्या एका तिकिटात तिला घातलंस तर वरचा बर्थ येईल आणि रात्रभर तू लोकांच्या विनवण्या करत फिरशील. डबा वेगळा आला तर आलाच. तिला झोपवून ये आणि सकाळी उठवायला जा.

दादरला उतरू नका. गाडी रिकामी झाल्यासारखी वाटते, लोक घाई करतात, पण तुम्ही शेवटपर्यंत या. मुंबईतली पहिली बघायची जागा सीएसएमटी हीच आहे आणि ती तिकिटाच्या पैशांतच मिळते. सामान मी धरतो. तुम्ही बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि पोरांना सांगा, या इमारतीवर प्राणी शोधा. मोर, माकडं, घुबडं सापडतील. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. १८८८ मध्ये हे काम पुरं झालं आणि दगडातलं बरंचसं नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या मुलांनी केलं. शेजारी जीपीओचा मोठा घुमट दिसेल. तो बघून तुम्हाला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटेल, कारण तो विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. सोलापूरहून दोन-अडीच तासांवरचा घुमट इथे टपाल कचेरीच्या डोक्यावर बसलाय.

राहण्याचं स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. माझी गिरगावातली खोली दहा बाय बाराची. ताई माझ्याकडे राहील, तिच्या भावाचं घर आहे ते. तुम्ही चौघं गिरगावातच लॉज घ्या. वीस डिसेंबरपासून एक जानेवारीपर्यंत लॉजवाले भाव वाढवतात, म्हणून तेही ऑक्टोबरातच कर. फोन करून तीन गोष्टी विचार: लिफ्ट आहे का, गरम पाणी किती ते किती, आणि सकाळी लवकर आलो तर खोली मिळेल का की बारापर्यंत बाकावर बसावं लागेल. फोटोवर भुलू नकोस. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने इंटरनेटवर फोटो बघून पुरते पैसे भरले आणि इथे येऊन बघतो तर त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. पैसे भरण्याआधी मला पत्ता कळव, मी चालत जाऊन बघून येतो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय.

स्वेटर आणू नका. इथे डिसेंबरात दुपारी घाम येतो आणि रात्री पंखा लागतो. पहाटे थोडं गार असतं, तेवढ्यापुरती ताईला शाल आणि सगळ्यांना टोप्या. चपला मात्र जुन्या, पायाला बसलेल्या घाला. नवे बूट घालून मुंबई बघायला आलेली माणसं मी रोज बघायचो, दुपारी चारला ती बसमध्ये बूट हातात घेऊन बसलेली असत.

आता दिवस कसे लावायचे ते. लोक जागांची यादी करतात आणि मग शहरभर पळतात, सकाळी गेटवे, दुपारी जुहू, संध्याकाळी पुन्हा दक्षिणेला. निम्मा दिवस गाडीत जातो. मी आधी वार लावतो, मग दिशा, आणि जागा शेवटी. राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरी सोमवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. क्रॉफर्ड मार्केट रविवारी बंद. एवढं कागदावर मांडलंस की बेत आपोआप होतो.

गुरुवारी २४ला आंघोळी उरकून, खाऊन राणीच्या बागेत जाऊ. नाताळची खरी गर्दी दुसऱ्या दिवसापासून एक जानेवारीपर्यंत लोटते, तेव्हा तिथल्या रांगेत पेंग्विनपेक्षा माणसंच जास्त दिसतात. बागेच्या फाटकाला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, जुन्या मुंबईचे मातीचे पुतळे आणि नमुने पोरांना फार आवडतात. आवारात एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्याकडे सगळे पाठ करून फोटो काढतात. तो हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज त्याला उचलून विलायतेला न्यायला गेले तर तो फुटला, मग जोडून इथे ठेवला. शनिवारी बेटावर जाल तेव्हा पोरांना विचार, बेटाच्या नावातला हत्ती कुठाय? त्यांना उत्तर माहीत असेल.

चोवीसच्या रात्री तुला वांद्र्याला जायची हौस येईल. हिल रोडची रोषणाई, सांताक्लॉजच्या टोप्या, फोनवर सगळं दिसतं. जाऊ नकोस. त्या रात्री तिथे माणूस चालत नाही, गर्दी त्याला चालवते, आणि परतीला रिक्षा मिळत नाही. मुख्य म्हणजे जायची गरजच नाही. ख्रिस्ती घरांतले स्टार आणि गव्हाणी सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत असतात. सत्तावीसच्या संध्याकाळी गेलास तरी तेच दिवे, तेच देखावे, आणि बघायला जागा.

पंचवीस तारखेला सगळी मुंबई गेटवे, चौपाटी आणि राणीच्या बागेकडे धावते. आपण उलट्या दिशेला. त्या दिवशी बँका, कोर्ट, कचेऱ्या बंद, त्यामुळे एरवी मुंगीला शिरायला जागा नसलेला फोर्ट सकाळी असा मोकळा असतो की रस्त्याच्या मधोमध उभं राहून इमारती बघाव्यात. वीस वर्षांत तो एकच दिवस मी सीएसएमटीहून हुतात्मा चौकात वेळेआधी पोचायचो. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी पोरांना दोन मिनिटं उभं कर. शाळेत धडा असतो, पण जागा बघितली की लक्षात राहतं. तिथून राजाबाई टॉवर दिसतो. तो प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने पैसे देऊन आईच्या नावाने उभारला, १८७८ मध्ये.

मग हॉर्निमन सर्कलच्या बाजूचं सेंट थॉमस कॅथेड्रल. ते नाताळाच्या दिवशीच दाखवायचं, कारण ते उघडलं तेच १७१८ च्या नाताळाला. यंदा त्याचा ३०८ वा वाढदिवस. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट होती तो चर्चगेट. दरवाजा आणि किल्ला गेले, स्टेशनाला नाव राहिलं. मुंबईचे मैल पूर्वी याच चर्चपासून मोजत, त्या मोजणीचे काही दगड अजून फूटपाथवर सापडतात. आम्हा कंडक्टरांना स्टेजप्रमाणे भाडं मोजायची सवय, म्हणून मला या चर्चबद्दल जरा जास्तच आपुलकी.

आत जायला कुणी अडवत नाही, पण चार गोष्टी पाळायच्या. प्रार्थना चालू असली तर मागच्या बाकावर बसायचं, मधून उठायचं नाही. खांदे झाकलेले. प्रार्थनेत फोटो काढायचे नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये लोक रांगेने पुढे जाऊन प्रसादासारखं काही घेताना दिसतील. तो आपला प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्यांचा संस्कार आहे तो. पोरं उठून रांगेत लागतील, त्यांना आधीच सांग. बूट काढायचे नसतात, ताई दारात चपला काढायला लागेल तर थांबव. आणि मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे बाराचीच असं धरून चालू नकोस. बऱ्याच ठिकाणी ती हल्ली लवकर उरकते, चर्चच्या फलकावर वेळ लिहिलेली असते.

शुक्रवारी संध्याकाळी खोताची वाडी. ही माझी आग्रहाची जागा आहे. गिरगावातच, माझ्या खोलीपासून चालत पाच मिनिटं. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने बाहेरून चढणारे, कौलारू बंगले, प्रत्येक गॅलरीत कागदी स्टार. कुणा खोताने दोन शतकांपूर्वी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या, म्हणून हे नाव. पासष्ट बंगले होते म्हणतात, आता निम्मेही राहिले नाहीत, बाकीच्यांच्या जागी टॉवर आलेत. ईस्ट इंडियन म्हणजे कुणी बाहेरचे नव्हेत, ते मुंबई, साष्टी, वसईचे मूळचेच. कोळी, कुणबी, आगरी, भंडारी घरांतले, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. नोकऱ्यांसाठी आलेल्या गोव्याच्या आणि मंगलोरच्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, त्यांनी हे नाव घेतलं. घरात बोली मराठी. जोडीदाराची आई लुगडं नेसायची आणि मला म्हणायची, "ये रं, नेवऱ्या खा." नेवरी म्हणजे आपली करंजीच. त्यांच्या फराळाच्या ताटात नेवऱ्या, कलकल, पेरूची वडी, मार्झिपान आणि जेवायला फुगे. दिवाळीत आपण जशी शेजारी ताटं पाठवतो तशी ही ताटं सगळ्या वाडीत फिरतात. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज नातालवरून मराठीत आला.

पण तिथे लोक राहतात हे विसरू नकोस. खिडकीतून आत कॅमेरा घालायचा नाही, कुणाच्या जिन्यावर चढून पोझ द्यायची नाही. हल्ली रोज कुणी ना कुणी तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला येतं आणि वाडीतली म्हातारी माणसं दार लावून बसतात. आपण आमंत्रणाने जाणार आहोत. रिकाम्या हाताने मात्र नाही. सोलापूरहून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आण. चादर आणलीस तर माझी मान आणखी वर.

शनिवारी घारापुरी. सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या बोटी सुटतात, आपण त्याआधी गेटवेला. तिकीट खिडकीवरच घ्यायचं, हात धरून ओढणाऱ्या एजंटांकडून नाही. तासाभराचा प्रवास. लाइफ जॅकेट देतील ते पोरांना घालायलाच लावायचं आणि उतरेपर्यंत काढू द्यायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवरच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं दगावली. घाबरवायला सांगत नाही, पण गरम होतं म्हणून जॅकेट काढणाऱ्या बापांचं ऐकू नकोस. बेटावर १२० पायऱ्या आहेत. ताईने नाही म्हटलं तरी डोली करायची, भाव खाली ठरवायचा. वरती गुहेत ती तीन तोंडांची शिवमूर्ती, सुमारे वीस फूट उंच. तिच्यासमोर बसायचं आणि निदान दहा मिनिटं उठायचं नाही. बाहेर माकडं आहेत, हातात खायचं काही ठेवू नका. त्या दिवशी बाकी काही नाही. परत आलं की झोप.

रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह, दुपारी घरीच मटकीची उसळ, ब्लॉक संपल्यावर चारनंतर चर्नी रोडहून लोकलने वांद्रे. स्लो गाडी घ्या, फास्टचा मोह नको. सूनबाई आणि ताई बायकांच्या डब्यात, तू आणि पोरं जनरल डब्यात, आणि कुठे उतरायचं ते आधी ठरवून. चुकामूक झालीच तर जो उतरला त्याने तिथेच फलाटावर थांबायचं, शोधायला दुसऱ्या गाडीत बसायचं नाही. शहरात रिक्षा शोधत बसू नकोस, माहीम-सायनच्या अलीकडे त्या नाहीतच. टॅक्सी मीटरने.

पोरांबद्दल एक. एका नाताळाला गेटवेच्या थांब्यावर पाच-सहा वर्षांची एक मुलगी माझ्या बसमध्ये चढली आणि तिच्या मागे कुणीच चढलं नाही. आईवडील खाली राहिले. तिला नाव येत होतं, पण फक्त पहिलं, आणि बापाचं नाव विचारलं तर "पप्पा". माझ्या सीटवर बसवून तिला पुढच्या चौकीपर्यंत नेली. आईबाप दीड तासाने आले. बापाचा शर्ट पुढून-मागून भिजला होता. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही पोरांना हात धरूनच नेता ना? तसंच इथे. दोघांच्या खिशात तुझा आणि माझा नंबर कागदावर लिहून ठेव. मोबाइलमध्ये नको, कागदावर.

सोमवारी पहाटे ताईसाठी सिद्धिविनायक. गिरगावहून भुयारी मेट्रो थेट तिथे जाते, सरकता जिना, लिफ्ट, गुडघ्यांना त्रास नाही. मंगळवारी आणि एक जानेवारीला तिथे गेलास तर मात्र मी येणार नाही. मग शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते सोमवारी उघडं असतं. दुपारी क्रॉफर्ड मार्केट. नाताळ होऊन गेलेला, त्यामुळे उरलेले स्टार दुकानदार पडत्या भावात काढतात. पोरांना एकेक घेऊ. तिथून बसमध्ये बसू, दोन स्टॉप का होईना. मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, यंदा त्याला शंभर वर्षं झाली. तिकीट मी काढणार. आयुष्यभर दिली, एकदा घेऊन बघतो.

जुहू, सिनेमानटांचे बंगले, मॉलमधलं झाड, हे सगळं राहील. राहू दे. पोरं कुरकुरली तर माझ्याकडे पाठव.

जोडीदाराला मी सांगून ठेवलंय, पंचवीसला संध्याकाळी पाच पाहुणे. तिकीट निघालं की दोन्ही डबे आणि बर्थ नंबर कळव. गुरुवारी सकाळी मी सीएसएमटीला इंजिनाच्या बाजूला उभा असेन, डोक्यावर खाकी टोपी नसेल एवढाच फरक.